आजीच्या हातातला बँड

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
९ मार्च २०२४

प्रिय नंदा,

तुझा दुसराही कान गेला म्हणतेस, तेव्हा आता फोनचं नावच नको. एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू नुसती 'काय? काय?' करायचीस आणि मी ओरडून ओरडून अख्ख्या गल्लीला घरातल्या बातम्या द्यायचे. ईमेल बरी.

बातमी ही की राधिका बाळंतपणाला माझ्याकडे आली. शेवटी आली. तिकडे त्यांच्या गावी, स्टेट कॉलेजला, तिची डॉक्टर ठरली होती, हॉस्पिटल ठरलं होतं. लायनेलनं तर तिथल्या नर्सेसशी नावानिशी ओळख करून ठेवली होती. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा हट्ट मी सोडला नाही. त्या गावात युनिव्हर्सिटीच्या बसमधून हिंडणारी पोरं सोडली तर आहे कोण? डिंक मिळत नाही, हळीव मिळत नाही. आणि खरं सांगू का, राधिकाच्या वेळी माझ्या उशाशी कोणी नव्हतं. आईला व्हिसा मिळाला नाही, रवींद्र ऑफिसात. भिंतीकडे तोंड करून मी एकटी रडले होते. माझ्या लेकीवर ती वेळ येऊ द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

लायनेलही सोबत आला आहे, रजा काढून. बाळंतपणात आत उभा राहणार म्हणतो. जावई ब्लॅक म्हणून लग्नाच्या वेळी मी किती रडले ते तुला माहीत आहे, तूच समजूत काढलीस. आता मी त्याला रवींद्रच्या आधी वाढते. मातीवर संशोधन करतो, सव्वासहा फूट उंच आहे आणि बोलतो मात्र इतकं हळू की तुला चांगल्या कानांनीही ऐकू आलं नसतं. निघताना वाकून नमस्कार करतो. आपल्या पोरांना सांगावं लागतं.

काल इथलं हॉस्पिटल बघायला गेलो. लायनेलनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यात युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र, आणि ते दिसावं म्हणून एवढ्या थंडीत कोट उघडा. परीक्षेला निघाल्यासारखा. तरी काय झालं, त्याच्या हातात बॅगा होत्या, नर्सनं आम्हां दोघींना आत घेतलं आणि त्याला म्हणाली, ड्रायव्हर्सनी खाली थांबायचं. आम्ही खूप हसलो. तोही हसला.

तुझी
शुभाताई


नागपूर
१२ मार्च

ताई,

मी बहिरी झाले आहे, आंधळी नाही. तुझी मेल दोनदा वाचली. ड्रायव्हरची गंमत मला फारशी गंमत वाटली नाही. इथून नीट दिसत नसेल कदाचित. त्या नर्सला तू काय म्हणालीस ते लिहायचं राहिलं वाटतं.

बाकी जावई आत उभा राहणार हे वाचून मला तुझ्या लेकीचा हेवा वाटला. माझ्या वेळी आमचे हे बाहेरच्या बाकावर पेपर वाचत होते. आया सांगायला गेली, मुलगा झाला. तर म्हणाले, बरं, एवढं शब्दकोडं होऊ दे. इतकी वर्षं झाली, अजून मी त्यांना त्यावरून सोडत नाही.

हळीव बेताने घाल, तुझा हात सैल आहे. आणि राधिकाला सांग, मावशीला दोन ओळी लिही. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत माझ्याकडे बसून मराठी शिकली ती काय फक्त आंबे मागायला?

नंदा


वेस्ट विंडसर
२ एप्रिल

प्रिय नंदा,

उशीर झाला, रागावू नकोस. मुलगी झाली. दाट कुरळे केस, आणि कपाळ अगदी आपल्या आईचं. राधिकाची तब्येत मधे बिघडली होती, आता बरी आहे.

तुला एक गंमत सांगते. बाळ झालं तशी नर्स बँड घेऊन आली. इथे प्लास्टिकचे चार बँड असतात, सगळ्यांवर एकच नंबर. दोन बाळाला, एक आईला आणि चौथा आणखी एका जवळच्या माणसाला. ज्याच्या हातात तो असेल त्यालाच बाळापाशी सोडतात, कोणी पळवू नये म्हणून. नर्स माझ्याकडे वळून म्हणाली, ग्रँडमा, हात? मी डावा हात पुढे केला. पूजेचा दोरा घेऊन गुरुजी आले की आपण करतो तसा. विचार थोडाच करतो. तिने तो माझ्या बांगड्यांच्या मागे बसवला. एकदा बसला की कापल्याशिवाय निघत नाही.

बाळाचा श्वास जरा जलद चालत होता म्हणून तिला नर्सरीत नेलं. हातातला बँड बघून मला आत सोडलं, बसायला खुर्ची दिली, पांघरूण दिलं. इकडे राधिकाला रक्तस्राव झाला, ऑपरेशनला न्यावं लागलं, रक्त चढवावं लागलं. मी नर्सरीतून धावतच तिकडे गेले. पण डॉक्टरीण बाईंनी सगळं मला शांतपणे समजावून सांगितलं. फार चांगली माणसं. लायनेल थोडा गोंधळला होता, त्याला बाहेर बसवलं होतं. घाबरला बिचारा. पुरुषांना हे झेपत नाही.

राधिका सव्वा महिना राहणार होती, आठवड्यात गेली. लायनेलचं काम असेल. डिंकाच्या लाडवांचा डबा तसाच आहे, न्यायचा राहिला. निघताना लायनेल सामान भरण्यात इतका गुंतला होता की नमस्कारही राहून गेला. राधिका फोनवर हो-नाही एवढंच बोलते. बाळ झोपू देत नसेल.

बँड मी अजून काढलेला नाही. परवा आयसेलिनला, आपल्या लोकांच्या बाजारात, बाळासाठी दुपटी घ्यायला गेले तर दुकानातल्या बाईनं विचारलं, हे काय? तिलाही सांगितलं. बारसं मेमध्ये इथेच करायचं ठरवलं आहे, हॉल बघून आले.

तुझी
शुभाताई


नागपूर
४ एप्रिल

ताई,

नातीचं अभिनंदन. राधिका वाचली, देवाची कृपा.

पण मला एक समजावून सांग. बाप बाहेर आणि आजी आत, हे कसं झालं? 'बाहेर बसवलं होतं' म्हणतेस. कोणी बसवलं? कशाबद्दल? बायको ऑपरेशनला आणि पोर नर्सरीत असताना जो माणूस गोंधळणार नाही त्याला मी माणूस म्हणणार नाही.

तू सांगणार नाहीस, मला माहीत आहे. लहानपणी बरणी फुटली तरी तू 'लोणचं संपत आलंच होतं' म्हणायचीस. मी राधिकालाच विचारते.

नंदा


स्टेट कॉलेज
११ एप्रिल

मावशी,

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ लिहिते. मराठीतच लिहिते. इंग्रजीत लिहायला घेतलं की हे हॉस्पिटलला पाठवायच्या तक्रारीसारखं होतं, आणि ती तक्रार आम्ही पाठवली आहे. 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं.

नर्स बँड घेऊन आली तेव्हा लायनेल माझ्या उशाशी होता. सकाळपासून माझी कंबर दाबून त्याचे अंगठे सुजले होते. बाळाची नाळ त्याने कापली होती, त्याच नर्सनं दिलेल्या कात्रीनं. आणि तिने त्याला ओलांडून आईला विचारलं. मावशी, त्याने हात उचलला होता. मी पाहिला. आईनं आपला पुढे केला तसा त्याने तो खाली घेतला आणि माझ्या केसांवर ठेवला.

बाळाला नेलं, आई बरोबर गेली. मग मला थंडी वाजायला लागली. लायनेलनं चादर उचलून बघितलं आणि नर्सला सांगितलं, रक्त फार जातंय. ती म्हणाली, नॉर्मल आहे. त्याने पुन्हा सांगितलं. तो रागावला तरी त्याचा आवाज चढत नाही, आणि तेव्हा तो रागावलाही नव्हता. ती म्हणाली, सर, खाली बसा. तो बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, दिसतील असे. बसून आणखी एकदा सांगितलं आणि बेल दाबली. बेल दाबल्यावर डॉक्टर नाही आली, सिक्युरिटी आली.

त्याला बाहेर नेताना तो मला म्हणाला, 'कीप टेलिंग देम, राध.' मी काय सांगणार, जीभ उचलत नव्हती. मग नर्सेसची शिफ्ट बदलली. नव्या नर्सनं चादर उचलली आणि ती धावतच सुटली. लायनेलनं बघितलं तेच तिने बघितलं. त्याचं खरं होतं, असं आजवर तिथलं कोणी त्याला म्हणालेलं नाही.

पुढचं मला त्याने सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. मला ऑपरेशनला घेतल्यावर डॉक्टर बाहेर येऊन आईशी बोलली. तो बाजूलाच उभा. त्याने विचारलं, रक्त किती गेलं? डॉक्टर म्हणाली, 'अँड यू आर?' आईनं सांगितलं, नवरा. डॉक्टरनं मान हलवली आणि पुन्हा आईशी बोलू लागली.

आई पुन्हा बाळापाशी गेली. माझ्यापाशी जाता येत नव्हतं म्हणून तोही नर्सरीकडे गेला. बँड नाही म्हणून अडवलं. त्याने ओळखपत्र काढलं. तिथली नर्स म्हणाली, त्यावर मुलीचं नाव नाही, बाळाच्या आईनं सांगायला हवं. बाळाची आई बेशुद्ध. काचेतून त्याला आपली मुलगी दिसत होती, माझ्या आईच्या मांडीवर. नर्स आत गेली आणि आईला विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का, आत घेऊ का? आई म्हणाली, त्याला जरा बाहेरच बसू दे, ही इज टू इमोशनल. नर्सनं बाहेर येऊन ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंचंच असं म्हणणं आहे, म्हणाली.

मी शुद्धीवर येऊन सांगेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत, त्याने आपल्या मुलीला हातात घेतलं नव्हतं.

त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची आईनं तुला गंमत लिहिली असेल. ती गंमत नाही, मावशी. त्याच्या आईनं लहानपणापासून शिकवलं आहे. दवाखान्यात जाताना चांगले कपडे, हात दिसू दे, आवाज खाली. त्याने सगळं केलं. ड्रायव्हर म्हटल्यावर हसलासुद्धा, आणि मूर्खासारखी मीही हसले.

आता आईचे फोन येतात, बारशाचा हॉल, जेवण, कोण कोण बोलवायचं. लायनेलला विचारलं तर म्हणतो, तुला हवं तर जाऊ. त्याने नाही म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. इथलं हॉस्पिटल सोडून न्यू जर्सीला निघालो तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, तिथे मला कोणी ओळखत नाही. मी म्हटलं होतं, अरे, आई आहे ना.

राधिका


नागपूर
१३ एप्रिल

ताई,

राधिकानं लिहिलं. तू गाळलेलं सगळं.

रात्रभर तुझ्याशी भांडत होते मनातल्या मनात. घरी तू जावयाला पहिलं ताट वाढतेस, त्याच्याकडून नमस्कार घेतेस आणि इकडे मला कौतुकानं कळवतेस. घरात ते सोपं असतं. त्या नर्सरीच्या दारात तुला एवढंच म्हणायचं होतं की हा बाळाचा बाप आहे, याला आत घ्या. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे.

नर्सनं केलं ते तिच्या माथी. तिला कोणी जाब विचारणार नाही, हे इथे बसूनही मला दिसतं. पण तिने तुला विचारलं होतं, ताई. त्या माणसानं दिवसभर ज्याला सांगितलं त्यानं ऐकलं नाही, आणि ज्या एका बाईचं सगळे ऐकत होते ती त्याच्या घरची होती.

हॉल रद्द कर. आधी लायनेलशी बोल. राधिकामार्फत नाही, त्याच्याशी. आणि तो बँड हातातून काढ, लाज वाटते मला.

नंदा


वेस्ट विंडसर
२२ एप्रिल

राधिका,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. नंदामावशीला सगळं कळवलंस, आईला एका शब्दानं विचारलं नाहीस. बरं.

मी काय केलं? कोणाला मारलं? नर्सनं हात मागितला, मी दिला. मला काय माहीत तो बापाचा बँड होता. आणि लायनेलला बाहेर बसू दे म्हटलं ते त्याच्याच भल्यासाठी. दाराशी तो सिक्युरिटीवाला कमरेला काय काय लटकवून उभा होता. लायनेल आत येऊन एक शब्द जास्त बोलला असता आणि त्याला काही झालं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस? मी घाबरले होते. तू आत मरणाच्या दारात, हे पोर माझ्या मांडीवर, आणि तुझे बाबा घरी गुडघा धरून बसलेले. कोणाकोणाला सांभाळू?

आणखी एक सांगते, हवं तर रागाव. या देशात माझा जन्म गेला. प्रत्येक काउंटरवर माझं नाव मी एकेक अक्षर करून सांगते, तरी पुढचा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो, कोणीतरी बरा इंग्रजी बोलणारा आहे का म्हणून. तू झालीस तेव्हा त्यांनी मला पाणीसुद्धा तीनदा मागायला लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे माझ्याशी बोलले. मॅम म्हणाले, खुर्ची दिली. मला बरं वाटलं. त्यात लायनेलचं काही जातंय असं माझ्या मनातही आलं नाही.

नंदा म्हणते लायनेलशी बोल. दोनदा फोन हातात घेतला. इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना आणि तो 'इट्स ओके, आई' म्हणेल याची भीती वाटली. म्हणून बँड कापला आणि चांदीच्या डबीत घालून त्याच्या नावानं पोस्टानं पाठवला आहे. त्याचा होता, त्याला दिला. आता तरी झालं ना?

हॉल रद्द केलेला नाही. तू सांगशील ती तारीख.

आई


स्टेट कॉलेज
२० मे

आई,

डबी मिळाली. उत्तराला उशीर केला, कारण जे लिहीत होते ते सगळं फाडण्यासारखं होतं.

बारसं झालं. गेल्या रविवारी, आमच्या अपार्टमेंटमध्ये. लायनेलची बहीण डेनीस बाल्टिमोरहून आली. आत्यानं कानात नाव सांगायचं असतं हे मी तिला समजावलं, तर ती आठवडाभर फोनवर माझ्याकडून घोकून घेत होती. इला. नाव लायनेलनं निवडलं, दोन्हीकडच्यांना नीट म्हणता यावं म्हणून. पाळणा मीच म्हटला, मला आठवला तेवढा. तुला बोलावलं नाही ते विसरून नाही. हॉलचं तू बघ.

तू घाबरली होतीस, हे मला पटतं. तुला बरं वाटलं, तेही पटतं, आणि तू ते लिहिलंस म्हणून तर मी आज लिहिते आहे. पण आई, ते तुझ्याशी गोड बोलत होते आणि त्याच वेळी त्याच्याशी तसं वागत होते. एकाच खोलीत, तीच माणसं. तुला खुर्ची मिळाली तेव्हा तो उभा होता. तू त्याला सांभाळायला म्हणून बाहेर ठेवलंस म्हणतेस. त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली असतीस तर तो जास्त सांभाळला गेला असता.

मागच्या आठवड्यात इलाला लस द्यायला नेलं. मी गाडी लावून वर गेले तर लायनेल काउंटरपाशी उभा, इस्त्रीच्या शर्टात, इला छातीशी बांधलेली. समोर त्याने सगळं मांडलं होतं. इलाचा जन्मदाखला, आमच्या लग्नाचा दाखला, त्याचं ओळखपत्र आणि तू पाठवलेला तो कापलेला बँड, नंबर वर येईल असा. काउंटरवरची मुलगी चांगली होती. म्हणाली, यातलं काही लागत नाही, फक्त बाळाचं नाव सांगा. तो म्हणाला, असू दे, बघून घ्या. तिने एकेक उचलून बघेपर्यंत त्याने काही परत घेतलं नाही.

आता हे सगळं डायपरच्या बॅगेत असतं. तो दुकानात जाताना पण घेऊन जातो. मी काढून ठेवते, तो पुन्हा घालतो. चांदीची डबी स्वयंपाकघरात आहे, त्यात मी लवंगा ठेवते.

बाबांचा गुडघा बरा झाला की तुम्ही दोघं या. इला तुझी नात आहे, मी ते तोडणार नाही. लाडू आणलेस तर खाईन. फक्त येण्याआधी फोन मला करू नकोस, त्याला कर. 'इट्स ओके' म्हणाला तरी फोन ठेवू नकोस, तुला जे म्हणायचं आहे ते म्हण, मराठीत म्हणालीस तरी चालेल.

दार तोच उघडेल. आत येऊ का, असं त्याला विचार. तो हो म्हणेल, मला माहीत आहे. तरी विचार, आणि तो म्हणेपर्यंत बाहेर उभी राहा.

राधिका